चिठ्ठीयंत्राचा देहान्त

'माणसे जोडणारे दुकान' हे पारितोषिक ठरविण्यास नगरपालिकेचे पाहुणे यावयाचे, नेमक्या त्याच शनिवारी सकाळी बोडिलच्या बेकरीतील चिठ्ठीयंत्राने मान टाकली. गावाबाहेर मोठा बाजार उघडल्यापासून तिच्या भट्टीस अवकळा आली होती. पारितोषिक मिळाले तरच दुकान तगणार होते.

गिऱ्हाइकाने यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी ओढावी आणि आपला आकडा झळकेपर्यंत खिडकीबाहेर पाहावे, ही त्या डॅनिश गावाची पिढीजात सभ्यता होय. विनाकारण शेजाऱ्याशी बोलणे म्हणजे न विचारता त्याच्या घरात शिरणे. आता मात्र इलाजच खुंटला.

"रांगेत शेवटी कोण आहे?" निवृत्त नावाडी थॉरकिल्डने भीतभीत विचारले.

"मी, गुद्रून. तुझी शेजारीण. मधे फक्त कुंपण आहे."

"कुंपण ओळखतो की! वीतभर माझ्या हद्दीत आलंय."

"वीतभर? आधी चष्मा बदल!"

पाहता पाहता दुकानात दोन तट पडले. बोडिल परात घेऊन पुढे धावली.

"अरे, भांडू नका! पाहुणे येतायत. हे घ्या, दालचिनीचे पाव फुकट!"

फुकट हा शब्द रस्त्यापर्यंत पोहोचला. गर्दी दुप्पट झाली, परात रिकामी झाली, आणि ज्यांना काही मिळाले नाही ते खवळले.

"यंत्र वेळेवर दुरुस्त करायला काय झालं होतं?" गुद्रून कडाडली.

"आणि खसखशीचे पाव हल्ली केवढेसे झालेत!" थॉरकिल्ड म्हणाला.

"अगदी माझ्या मनातलं बोललास बघ!"

अवघे गाव खांद्यास खांदा लावून बोडिलवर तुटून पडले असताना पालिकेचे प्रेबेन दारात उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले.

"त्या मोठ्या बाजारात कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. आणि इथं बघा, केवढा एकोपा! पारितोषिक बोडिललाच. सोबत दुकानाला एक वस्तूही भेट देऊ. बोला, काय हवं?"

"चिठ्ठीयंत्र!" सारे एकमुखाने गरजले.

पुढील शनिवारी नवे यंत्र बसले. लोकांनी चिठ्ठ्या ओढल्या व कृतार्थ भावाने खिडकीबाहेर नजर लावली. गुद्रूनने मात्र दोन चिठ्ठ्या ओढल्या आणि एक मुकाट्याने थॉरकिल्डच्या हाती ठेवली.

अर्थात, आधीच्या क्रमांकाची चिठ्ठी तिने स्वतःकडेच ठेवली होती.