मागली बाजू

द्वारकामावशी दारात दिसल्या की आमच्या घरातले सगळे भिंतीला पाठ टेकवून उभे राहत. नव्या पाहुण्यांना ही काय रीत आहे ते कळत नसे. मावशींच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला एक छोटा कटर लटकलेला असे, आणि त्याच्या तावडीतून सुटलेला सदरा सुरतेतल्या आमच्या आख्ख्या डिंडोलीत मी तरी पाहिला नाही. बोलता बोलता त्या तुमच्या मागे जात. मानेला काहीतरी थंड लागे, ‘कच्’ असा आवाज येई आणि दोन इंच धागा त्यांच्या चिमटीत असे. तो त्या तुम्हाला दाखवत. डॉक्टर उपटलेला दात दाखवतात तसा.

धंदाच तो होता त्यांचा. सुरतेत साडीवर मशीनने भरतकाम होतं, तेव्हा पुढच्या बाजूला मोर नाचतात आणि मागच्या बाजूला या मोरापासून त्या मोरापर्यंत धाग्यांचं जाळं लोंबत राहतं. ते कापायचं काम घरोघरच्या बायका करतात. त्याला धागा कटिंग म्हणतात. सकाळी कारखान्यातून साड्यांचं पोटलं यायचं आणि गल्लीतल्या बायका ओट्यावर पाय पसरून बसायच्या. मावशींनी वीस वर्षं साड्या उलट्या बाजूनेच पाहिल्या. मोराचं तोंड त्यांनी क्वचितच बघितलं असेल.

त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू त्या आधी उलटी करत. बाजारात फ्लॉवरचा गड्डा उलटा करत, ताटात पडलेली भाकरी उलटी करत, लग्नाची पत्रिका उलटी करून मागे काही नाही असं बघून नाराज होत. मला आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र मिळालं, ते मी मोठ्या हौसेने फ्रेम करून भिंतीवर लावलं. मावशींनी ते खिळ्यावरून काढलं, मागचा पुठ्ठा पाहिला, परत लावलं आणि म्हणाल्या, “वाळवी लागी ऱ्हायनी, मास्तर.” पुढे काय लिहिलंय ते त्यांनी आजतागायत विचारलं नाही.

“पुढथून समदं चांगलंच दिखस,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “मागली बाजू दखाडा.” घरी त्या अहिराणीच बोलत, कारखान्याच्या शेटशी गुजराती बोलत आणि माझ्यासारख्या मास्तराशी, मानाने, अर्धी अहिराणी आणि अर्धी पुस्तकातली मराठी.

एकदा आमच्या शाळेत झेंडावंदनाला एक मोठे पाहुणे आले होते. भाषण रंगात आलं होतं. मावशी पालकांमध्ये बसल्या होत्या, खरं म्हणजे आता शाळेत त्यांचं कुणीच नव्हतं, पण पेढा मिळतो म्हणून दरवर्षी येत. त्यांना पाहुण्यांच्या झब्ब्याच्या मागच्या शिवणीतून लोंबणारा धागा दिसला. त्या उठल्या, चार पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि ‘कच्’. पाहुण्यांनी आधी खिसा चाचपला. मग देश कुठे चालला आहे हे सांगायचं सोडून त्यांनी उरलेलं भाषण तिरपं उभं राहून केलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, कारण द्वारकामावशी माझ्या शेजारी राहतात हे सगळ्या सुरतेला माहीत होतं.

स्वतःची पाठ मात्र स्वतःला दिसत नाही, हे त्यांना फार खुपे. म्हणून घराबाहेर पडताना त्या आमच्या ओट्याशी येऊन पाठमोऱ्या उभ्या राहत आणि माझ्या बायकोला म्हणत, “मालती, दख.” मालती बघे, असलाच तर धागा काढे, आणि मग मावशी भाजीला जात. हा कार्यक्रम रोजचा.

तर या बाईंना कॅनडात कायमचं राहायला पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षं चाललं ते. त्या दोन वर्षांत माझे जेवढे केस गेले तेवढे वीस वर्षं पोरं शिकवून गेले नव्हते.

मावशींचे यजमान कापडाच्या लूमवर कामाला होते, ते मुलगा संजू दहावीत असतानाच गेले. संजू माझ्याच हाताखालून गेलेला. अक्षर वळणदार, स्वभाव मुका. मावशींनी धागे कापून त्याला डिप्लोमा करवला. तो आधी आखातात गेला, तिथून कॅनडाला गेला, लग्न करून बायकोलाही घेऊन गेला. पाच वर्षं प्रत्येक पत्रात लिहायचा, ‘आई, तू ये, मी कागद पाठवतो.’ पत्र मीच वाचून दाखवायचो. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तठे मना कोण शे?”

“मुलगा आहे ना,” मी म्हणायचो.

“तो शे. पन मी सकाळी कोनले पाठ दखाडू?”

मग एके दुपारी, कुणी काही म्हटलेलं नसताना, त्या आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, फारम भरा. माले जानं शे.” का, ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही फारम भरा.”

फारम म्हणजे काय, हे ज्याने भरलं त्यालाच ठाऊक. मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहा, असा एक प्रश्न. मी लिहिलं डिंडोली. दहा ओळी रिकाम्या होत्या, तिथे मावशींना वाटलं सरकार नाराज होईल, म्हणून दहाही ओळींत डिंडोली लिहायला लावलं. पुढे व्यवसाय. मी जरा वजन पडावं म्हणून इंग्रजीत ‘वस्त्र गुणवत्ता तपासनीस’ अशा अर्थाचं काही लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते खोडायला लावलं. “खोटं नको. धागा कापती, असं लिखा.” भावंडं किती, जिवंत किती, मेली कशाने, असा रकाना होता. त्यात एक आठवडा गेला. कारण प्रत्येक भावंडाच्या मरणाआधी त्याचं भांडण सांगणं आवश्यक होतं.

अंगठा द्यायला त्या तयार नव्हत्या. लहानपणी दुसरीपर्यंत शाळेत गेलेल्या, तेवढ्या बळावर सही शिकायची म्हणाल्या. महिनाभर माझ्या ओट्यावर पाटी घेऊन बसल्या. सही जमली, पण प्रत्येक वेळी कागद उलटा करून मागे उमटली का ते बघत. मागे उमटली नाही तर ती सही खरी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या पेन इतकं दाबत की दोन फॉर्म फाटले आणि ते मला पुन्हा भरावे लागले.

एकदा थकून मी म्हटलं, “मावशी, हे कागद मंजूर झाले की तुम्ही तिथल्या कायमच्या रहिवासी.”

“कायमच्या म्हंजे कितला दिन?”

मी मास्तर माणूस. मी पुढच्या रकान्याकडे वळलो.

दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखतीला बोलावलं. सोबत अर्थात मीच. आत त्यांना एकट्यांना घेतलं, दुभाषा वकिलातीचाच होता. मी बाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेत होतो, कारण कटर त्यांनी ब्लाउजमध्ये लपवून आत नेला होता. अर्ध्या तासाने हसत बाहेर आल्या. एक गोरी बाई होती म्हणाल्या, डोळे मांजरीचे, पण चांगली होती.

“काय विचारलं?”

“का जाती, असं इचारं.”

“मग?”

“सांगं मी.” चिमूट उघडून त्यांनी मला दाखवली. निळा धागा. “बाहीले लोंबत व्हता तिना.”

मी भिंतीला टेकलो. पण दीड महिन्यात व्हिसा आला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, अमुक तारखेच्या आत तिथे पाय ठेवला पाहिजे. नाही ठेवला तर व्हिसा रद्द आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा भावंडं, पुन्हा दहा वेळा डिंडोली. तारीख दिवाळीच्या अलीकडची होती. संजूने तिकीट पाठवलं, तेही शेवटच्या आठवड्यातलं.

निघायला नऊ दिवस राहिले होते. सकाळी मी दाढी करत होतो. मावशी आल्या आणि भिंतीशी, पाठ टेकवून, गप्प उभ्या राहिल्या. अशा त्या कधी उभ्या राहत नसत. दोन्ही हातांत पासपोर्ट होता.

“मास्तर, रागवू नका. धागा लोंबी ऱ्हायंता.”

पासपोर्टची पानं मधोमध शिवलेली असतात, हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं. त्या शिवणीचं एक टोक बाहेर आलेलं. मावशींनी वीस वर्षांच्या सवयीने ते ओढलं, ताणलं आणि ‘कच्’. मी पासपोर्ट हातात घेतला तर मधली चार पानं, व्हिसाच्या विलायती शिक्क्यासकट, माझ्या साबणाच्या पाण्यात पडता पडता वाचली.

नवा पासपोर्ट म्हणजे दोन महिने, आणि आमच्याकडे नऊ दिवस. एका बाजूच्या गालाला साबण तसाच ठेवून मी ओट्यावर बसलो. मावशी शेजारी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं नाही.

“मास्तर, मला गेलंच पाहिजे,” एवढंच म्हणाल्या. शुद्ध मराठीत.

मग त्या उठल्या आणि मालतीकडून बारीक सुई मागितली. उन्हात बसल्या. आयुष्यभर धागे कापलेल्या त्या बाईने जुन्या भोकांतून, एकही नवं भोक न पाडता, पांढऱ्या रेशमाने ती चार पानं शिवली. दुपार झाली. संपल्यावर पासपोर्ट माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “मागली बाजू दखा.” मी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. टाका सापडला नाही.

मला सापडला नाही म्हणून विमानतळावरच्या साहेबाला सापडणार नाही असं थोडंच आहे. मुंबईला जाताना गाडीत मी चार वेळा पासपोर्ट उघडून ती शिवण तपासली. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, नवे बूट पायात, त्यांच्या नाड्यांची टोकं आधीच कापलेली. नवसारी गेलं तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, “मावशी, पाच वर्षं नाही नाही म्हणत होता. मग अचानक एवढं काय आलं? दोन वर्षं मी मर मर मरतोय, मला तरी सांगा.”

त्यांनी पिशवीतून तीन फोटो काढले. संजूने पाठवलेले. मी ते तिन्ही पूर्वी पाहिले होते, पत्रं मीच तर वाचायचो. पहिल्यात संजू आणि सून घरापुढे, संजूच्या अंगात नवा तपकिरी कोट. दुसऱ्यात बर्फात एकटा. तिसऱ्यात गाडीशेजारी एकटा. तिन्हीत हसरा. तिन्ही पत्रांत एकच मजकूर, आम्ही दोघं मजेत आहोत.

“बाही दखा,” मावशी म्हणाल्या.

मी फोटो डोळ्यांजवळ नेले. पहिल्यात कोटाच्या उजव्या बाहीतून एक धागा निघालेला, नखाएवढा. दुसऱ्यात तो मनगटापर्यंत आलेला. तिसऱ्यात बाहीचं अस्तरच खाली उतरलं होतं.

“दोन बर्फ गयात,” मावशी म्हणाल्या. “कोन्ही कापा नही.”

“पण सून असेल ना. ती फोटो काढत असेल.”

“फोटो काढणारी बायको ऱ्हाती ते तिले पहिले हाऊ धागा दिखता, मास्तर.”

संजूच्या सगळ्या कागदांवर त्याच्या एकट्याची सही होती. सुनेची कुठेच नव्हती. दोन वर्षं ते कागद माझ्या हातांत होते.

“त्या गोऱ्या बाईले मी ह्याच फोटो दखाडात,” मावशी म्हणाल्या. “तिनी चष्मा लावा, दखं, मंग काही नही इचारं.” त्यांनी फोटो परत पिशवीत ठेवले. “त्याले सांगू नका. त्याले वाटाले पाहिजे, आई फिराले उनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर मी काचेबाहेर उभा होतो. साहेबाने पासपोर्ट उघडला, पानं चाळली, मग तो उलटा केला. मावशीही मान वाकडी करून त्याच्याबरोबर मागची बाजू बघत होत्या. त्याने शिक्का मारला. मावशींनी वळून मला शोधलं आणि दोन बोटांनी हवेतच काहीतरी कापलं. मी मानेवर हात फिरवला. कॉलरमागे धागा होता. इतक्या लांबून आणि काचेतून त्यांना तो दिसला कसा, मला आजही कळलेलं नाही.

चार महिन्यांनी फोटो आला. सोबत पत्र नव्हतं. मागे मात्र मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरांत सही होती, द्वारका. पुढून बोट फिरवलं तरी लागावी इतकी दाबून. पुढच्या बाजूला बर्फ होता आणि आई-मुलगा होते. संजूच्या अंगात तोच तपकिरी कोट, बाही स्वच्छ, अस्तर आत बसलेलं. तो हसत नव्हता, पण बरा दिसत होता. मी म्हटलं, “चला, सुटलो. पोचली बाई.”

मालतीने फोटो माझ्या हातातून घेतला आणि उजेडात नेला. मावशींच्या अंगात नवा जाड स्वेटर होता, आणि त्याच्या खांद्यावर, पाठीकडून पुढे आलेला, एक पांढरा धागा होता.

मग तिने फोटोवरचा तो धागा नखाने निघतोय का ते पाहिलं.