आण्णा पाटलांची ना उंच ना ठेंगणी गाडी

आण्णा पाटील गाड्यांच्या शोरूममध्ये शिरले की सगळ्यात आधी कापडी पिशवीतून नारळ काढतात. चांगला मोठा, शेंडीवाला. नारळ बघून सेल्समन हरखतो. त्याला वाटतं, गिऱ्हाईक पूजेच्या तयारीनंच आलंय. तो पेढे सांगायला वळतो न वळतो तोच आण्णा फरशीवर गुडघे टेकतात आणि नारळ गाडीखालून पलीकडे सोडतात. नारळ सुखरूप पार झाला तर मान हलवतात. अडकला तर उठून पँट झटकतात.

"चला म्याडम. ही आपल्या कळंब्यात टिकत न्हाय. पयल्याच स्पीडब्रेकरला पोट घासंल."

म्याडम म्हणजे मी. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि कळंब्यात आण्णांच्या शेजारी राहते. आण्णांचं मूळ गाव कुरुंदवाड. सगळी नोकरी एका दूध संघात गेली, संकलनावर देखरेख करण्यात. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा बंगळुरात. घरात आण्णा एकटे आणि टीव्हीचा आवाज.

त्या काळात गावोगावचे लोक म्हैस घ्यायला जाताना आण्णांना सोबत न्यायचे. निवृत्तीनंतर तेच लोक गाडी घ्यायला जाताना नेऊ लागले. आण्णांनी परीक्षेची पद्धत बदलली नाही. बॉनेटवर थाप मारतात, दारं उघडून मिटून आवाज ऐकतात आणि विचारतात, "दूध किती देती आणि पेंड किती खाती?" दूध म्हणजे अॅव्हरेज. पेंड म्हणजे पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, विमा, सगळं. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, "गाडी घेणं सोपं हाय ओ, नांदवणं अवघड."

आमच्या गल्लीतल्या बहुतेक गाड्या त्यांनी पास केलेल्या. आण्णांच्या स्वतःच्या दारात मात्र एक जुनी स्कूटर. गंमत म्हणजे त्यांना चारचाकी चालवताच येत नाही. म्हणून गेलं वर्षभर रविवारी त्यांच्यासाठी टेस्ट ड्राइव्ह मी घेत होते. "तुमी चालवायचं, मी मागं बसून ऐकायचं," अशी आमची वाटणी. कुणासाठी बघतोय, हे ते सांगत नव्हते. "बघून ठेवायला काय जातंय?" एवढंच.

बघायच्या त्या फक्त क्रॉसओव्हर. म्हणजे साध्या गाडीपेक्षा थोडी उंच आणि जीपपेक्षा ठेंगणी, अशी मधली जात. तिच्या गुणदोषांवर आण्णांनी इतका विचार केला होता की कंपन्यांनी केला असेल का, शंका आहे.

"गुण काय? खड्ड्याला भीत न्हाय. सामान लई बसतंय. बसल्यावर रस्ता लांबवर दिसतोय. आता दोष बघा. मागची काच बारकी, रिव्हर्स घेताना देवाचं नाव घ्यायला लागतंय. गावात पेट्रोल चहागत पिती. आणि टायर बदलायची पाळी आली की माणूस चालतच फिरतंय."

"मग सीएनजी बघूया की," मी एकदा म्हटलं.

"आणि डिकीत टाकी? मग सामान काय डोस्क्यावर घेऊ?"

"तुमचं कसलं आलंय एवढं सामान?"

आण्णांनी खिडकीबाहेर बघत ऐकूच न आल्यासारखं केलं.

शाहूपुरीतल्या एका शोरूममध्ये शिंदे नावाचा सेल्समन होता. बिचारा फार गोड बोलायचा. "सर, हिला सनरूफ आहे. बटण दाबलं की आभाळ दिसतं."

"म्हंजे छपराला भोक पाडून वर पैशे घेतासा व्हय?"

"सर, एवढा मोठा टचस्क्रीन आहे."

"त्यो घरात हाय. तेवढं मागलं दार उघडा."

हे मागलं दार म्हणजे आण्णांचं खरं खूळ. ते सीटकडे पाठ करून उभे राहायचे, हळूच बूड टेकवायचे आणि मग एक पाय आत, दुसरा ताठ बाहेर ठेवून विचार करत बसायचे. उतरायचे. पुन्हा बसायचे. शोरूममधले लोक चहाचा कप हातात धरून बघत राहायचे. मला वाटलं, गुडघा दुखत असणार. मी तेलाची बाटली नेऊन दिली तर माझ्यावरच खेकसले, "माझा गुडघा ठणठणीत हाय! आत्ता तळ्याला फेरी मारून आलो."

आणि एका रविवारी कहर झाला. शिंदेच्या शोरूममध्ये नवीन गाडी आली होती. नारळ पार झाला. आण्णांनी मागलं दार उघडलं, पिशवीतून लाटणं काढलं आणि ते उजव्या गुडघ्यामागं धरून वरून पंच्यानं करकचून बांधलं. पाय काठीसारखा ताठ. मग पाठमोरे होऊन ते सीटवर टेकले, दोन्ही हातांवर रेटा देत मागे सरकले, आणि तो ताठ पाय उंबरठ्यावरून अलगद आत आला. कुठंही न घासता.

शिंदे माझ्या कानाशी आला. "म्याडम, काकांना डॉक्टरकडं न्यायचं काय?"

आण्णा आतून ओरडले, "सापडली!"

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पुढच्या टपरीवर चहा घेताना मी हट्टच धरला. आज सांगितल्याशिवाय इथून उठणार नाही. आण्णांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"आमची आक्का हाय की कुरुंदवाडला. थोरली भन. आई गेली तवा मी रांगत होतो. आक्कानंच काखंत घेऊन वाढवलं. गेल्या साली न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. आप्रेशन झालं, पर पाय वाकंना झालाय."

"मग आता?"

"दवाखान्यातनं घरी आणताना उंच जीप केलती. चौघांनी पोत्यागत उचलून आत घातलं. लुगडं सरकलं, गल्ली बघत हुती. तवापासनं तिनं उंबरा वलांडला न्हाय. म्हंती, माझं मढंच उचला आता चौघं. जित्तेपणी न्हाय." त्यांनी बशी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. "बुटक्या गाडीत पाय वाकवायला लागतोय. उंच गाडीत चढायला लागतंय. मधली पायजे हुती. आणि डिकीत तिचा वॉकर बसाय पायजे. मग दर रविवारी तिला कळंब्याला आणीन."

माझ्यातली गणिताची शिक्षिका जागी झाली. म्हटलं, "आण्णा, महिन्यातनं चार वेळा आणायचं-न्यायचं तर टॅक्सी स्वस्त पडेल. हवं तर मांडून दाखवते."

"पोरगा बी हेच म्हंतोय. हिशेब बरोबर हाय तुमचा. पर टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, म्याडम. तिला बसायला येळ लागतोय."

गाडी घेतली. रंग विचारला तर म्हणाले, "असंल त्यो." सनरूफ नसलेली सगळ्यात साधी घेतली आणि शिंदेला स्वतःच पेढे दिले. ड्रायव्हिंग क्लासही लावला, पण शिकेपर्यंत दम कुणाला? पुढच्याच रविवारी मी गाडी चालवत कुरुंदवाडला निघाले. एरवी इंजिनाचा आवाज ऐकणारे आण्णा मागे बसून आपल्याच गुडघ्याकडे बघत होते. वाटेत एकदाच बोलले. "लाटण्याचा पाय आणि माणसाचा पाय, फरक असतोय न्हवं?"

आक्का घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. लहानशा, गोऱ्या, नऊवारीत. गाडी कडेला लागलेली त्यांना आतूनच दिसली होती.

"कशाला आणलीस रं बाळू? मी न्हाय येणार." आण्णा इथे बाळू होते.

"नुस्तं बघ तरी, आक्का."

"बघितली की हितनं. लाल हाय. झालं."

आण्णा त्यांच्यापुढे उकिडवे बसले. "कोण हात लावायचा न्हाय तुला. म्याडम बी न्हाय, मी बी न्हाय. न्हाय जमलं तर परत खुर्चीत ये. मी गाडी इकून टाकतो."

आक्कांनी लुगड्याच्या निऱ्या सावरल्या. मग वॉकर पुढे ओढला.

तोवर गल्ली जमलीच होती. नवी गाडी आली की जमतेच. आण्णा बाहेर आले आणि असे कडाडले की कुत्रीसुद्धा उठली. "काय तमाशा हाय व्हय? चला, आपापल्या घरात!" दारं लागली. मग त्यांनी गाडीचं मागलं दार पूर्ण उघडलं, मला तिथे थांबवलं, आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

आक्का एकेक पाऊल टाकत आल्या. मी हात मागे बांधून घेतले होते. त्यांनी सीटकडे पाठ केली, टेकल्या, हातांवर मागे सरकल्या. ताठ पाय उचलला आणि टाच उंबरठ्याला अडली. पलीकडे आण्णांच्या पाठीवरचा शर्ट घामानं चिकटला होता, पण ते वळले नाहीत. आक्कांनी ओठ दाबले, कूस थोडी बदलली, अजून वीतभर मागे रेटलं. पाय आत आला.

त्यांनीच हात लांब करून दार ओढून घेतलं. धप्प.

"बसलो की रं बाळू!"

आण्णा कट्ट्यावर टेकले. खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड खसखसून पुसलं. उठले ते एकदम ताजेतवाने. वॉकर डिकीत टाकला, पलीकडून आक्काशेजारी चढले आणि गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत सुरू झाले. हिला खड्डा लागत नाही, हिचं सर्व्हिसिंग वर्षातून एकदा, हिची मागची काच तेवढी बारीक.

"गप बस," आक्का म्हणाल्या. "मला बघू दे."

त्यांना खूप बघायचं होतं. पुलावर गाडी हळू घ्यायला लावली. नदी बघितली. कुणाचा ऊस तुटला, कुणाचं घर दुमजली झालं, सगळ्याची चौकशी केली. एका वळणावर जुनी मैत्रीण दिसली तर काच खाली करून तिला एवढ्या मोठ्यानं हाक मारली की मी दचकून ब्रेक दाबला. त्या दोघी बोलत राहिल्या, मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि आण्णा खिडकीतून हात दाखवून त्यांना "जावा की कडंनं!" म्हणून सांगत राहिले.

कळंब्याला पोचायला उशीर होणार हे उघड होतं. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला तशी आक्कांनी मांडीवरचं फडकं सोडलं. त्यांचं घर जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. भाकरी होती, शेंगांची चटणी होती.

"खा. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस, तोंड सुकलंय."

"तुला कोण बोललं?"

"कोण कशाला बोलाय पायजे?"

आण्णा मुकाट खाऊ लागले. खाताना धक्के नकोत म्हणून मी गाडी झाडाखाली उभी केली. आरशात दिसलं, आक्कांनी पदराचं टोक ओठांनी ओलं केलं आणि आण्णांच्या गालाला लागलेली चटणी पुसली. एका गालाची झाली, दुसरीकडेही पुसली. तिथे काही लागलेलं नव्हतं. सगळ्या शोरूमवाल्यांना धाकात ठेवणारा तो माणूस डोळे मिटून, मान पुढे करून बसला होता.

मी आरसा जरा वर वळवला आणि रस्त्याकडे बघत बसले.