श्री आणि काळा पडदा

एका जंगलात, मुलांनो, शर्वाणी नावाची खार सात समुद्रांपलीकडे शिकून परत आली. तिला वाटलं होतं, आपलं जंगल मागासलेलं असेल. संगणक दिसला की सगळे भूत भूत म्हणून पळतील.

पाहते तर काय! झाडाझाडाखाली संगणक. प्रत्येकावर लिनक्स नावाची प्रणाली, कारण ती फुकट. आणि प्रत्येकाला झेंडूचा हार.

खार आनंदाने तीन फांद्या उडाली.

जंगलाकडे वणव्याचा इशारा देणारा एक प्रोग्रॅमही होता. पण तो चालायचा फक्त बगळोपंतांच्या संगणकावर. तळ्याच्या मधोमध.

"माझ्याकडे तर चालतो बुवा!" बगळोपंत गुडघाभर पाण्यातून म्हणाले.

"तुमच्याकडे काय जळणार, पंत? पाणी?" अस्वलमामा खवळले. गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर त्यांची होती नव्हती तेवढी शेपटी भाजली होती. यंदा गवत पापडासारखं वाळलं होतं.

"कंटेनर घालू या, मामा!" खार म्हणाली. "म्हणजे डबाच. प्रोग्रॅमची भाकरी, मीठ, ठेचा, सगळं आत. कुठल्याही झाडाखाली उघडा, चव तीच!"

सगळे टेकडीवर जमले. मामांच्या संगणकाचा काळा पडदा, म्हणजे आज्ञा लिहायची पाटी, उघडला. जंगलात लिहायचा मान बगळ्याचा, म्हणून पंत चोचीने लिहायला बसले.

"आधी सुडो लिहा, पंतकाका. म्हणजे महाराजांच्या अधिकाराने. मग इन्स्टॉल..."

पंतांनी लिहिलं, 'श्री'. मग सुडो, मग बाकीचं.

पडदा म्हणाला, "श्री? अशी आज्ञा सापडली नाही."

"काका, श्री काढा ना!"

सभेने कान पकडले. "सात पिढ्यांत आमच्या घराण्याने श्रीशिवाय ओळ लिहिलेली नाही," पंत म्हणाले. "नास्तिक यंत्र! आणि ही शिकून आलेली पोरगी श्री पुसायला सांगते!"

खारीने दुपारभर समजावलं. आकृत्या काढल्या. शेपटी आपटली. पंतांनी एकवीस वेळा लिहिलं, एकवीस वेळा श्रीसकट. संध्याकाळी सगळे रागावून घरी गेले. टेकडीपलीकडे धुराची एक बारीक रेघ उठली होती, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खार सगळ्यांआधी टेकडीवर पोचली. तिने त्या संगणकाला एक नवी आज्ञा शिकवली. नाव 'श्री'. अर्थ एवढाच, की श्री दिसलं तर मनातल्या मनात नमस्कार कर आणि पुढचं काम कर.

मग सगळे जमले. पंतही आले. रुसून, पण आले. त्यांनी लिहिलं, श्री सुडो इन्स्टॉल...

पडद्यावर ओळी धो धो धावल्या. कंटेनर बसला. त्यात प्रोग्रॅम बसला. आणि बसताक्षणी भोंगा केकाटला!

"वणवा! ओढ्याकडे पळा!" मामा ओरडले. सगळे धूम पळाले. एकाचाही केस जळला नाही.

ओढ्यात उभं राहून पंतांनी मान उंच केली. "पाहिलंस, बाळ? श्रीचा महिमा! यंत्राला अक्कल आली."

सगळ्यांनी खारीकडे पाहिलं. सांगायला तिने तोंड उघडलं. मामांच्या यंदा शाबूत राहिलेल्या शेपटीकडे एकदा पाहिलं. आणि त्या उघड्या तोंडात एक शेंग घालायचं ठरवलं.

तात्पर्य : जुन्या समजुती काढायला जाऊ नये, मुलांनो. त्या नीट इन्स्टॉल कराव्यात.