मगनभाईंची चौकट

या, जरा पुढे सरका. टाळ मांडीवर ठेवा, आणि मोबाइल खिशात! आज आख्यान सांगतो ते देवाचं नाही, देवाशेजारी बसायला धडपडणाऱ्या एका भल्या माणसाचं.

आमच्या तापीकाठच्या गावात मगनभाई म्हणजे केळीचे मोठे बागायतदार. यंदा सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाचं यजमानपण त्यांच्याकडे होतं. पण त्यांची आई तापीबाई, जिने जन्मात काला चुकवला नाही, ती नेमकी ओसरीवरून घसरली आणि कंबर धरून खाटेवर पडली. म्हातारी रडू लागली.

"आई, तू रडू नको!" मगनभाई छाती फुगवून म्हणाले. "शहाद्याहून व्हिडिओवाला ललितले बलावस. एचडी शूटिंग! तुन्हा टीव्हीवर अख्खं कीर्तन दखाडस!"

आईला कीर्तन दिसावं ही इच्छा खरीच होती. पण त्या कीर्तनात आपणही दिसावं, ही इच्छा पहिलीपेक्षा बोटभर उंच होती! म्हणून मगनभाईंनी नवी टोपी घातली, ललितच्या कॅमेऱ्यात डोकावून जागा हेरली आणि व्यासपीठाच्या अगदी डाव्या टोकाला, मृदंगाच्या पलीकडे, पाटावर बैठक मारली. महाराज त्या दिवशी बोलले नेमके अहंकारावर. बोलणारच! कीर्तनकाराला समोरचं दिसतं, तसं बाजूचंही दिसतं.

आता तापीबाईंचा टीव्ही म्हणजे पाठीला ढेरी आलेला जुना डबा, डोक्यावर क्रोशाचं कापड. त्याला समजते फक्त डीव्हीडी. ललितने आपलं लांबरुंद चित्र त्या चौकोनात बसवलं आणि तबकडी आणून दिली.

तापीबाईंनी हात जोडले. महाराज मधोमध, ठसठशीत! चाल वर चढली, म्हातारीची मान डोलू लागली, आता आख्यानाला सुरुवात होणार...

"ललित भो! मी कोठे शे?" मगनभाई मधेच ओरडले.

"दादा, चित्र लांबडं, टीव्ही चौकोनी. दोन्ही बाजू कापन्या पडन्यात."

"असं कसं म्हंतस?" मगनभाईंच्या पत्नी मोहिनीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "तो गुडघा तुमनाच शे ना!"

खरंच, मृदंगामागे एक गुडघा होता. त्यावर अंगठीवाला हातही होता. पण गुडघ्याला कोण यजमान म्हणतं?

"ऱ्हाऊ दे रे मगन, महाराज दखाई ऱ्हायनात," तापीबाई विनवत होत्या. मगनभाईंनी तबकडी बाहेर काढलीसुद्धा!

दुसऱ्या खेपेला ललितने काहीच कापलं नाही, सगळं दोन्हीकडून दाबून बसवलं. मगनभाई आले हो! पण कसे? शेवग्याच्या शेंगेला टोपी घातल्यासारखे. मृदंग उभ्या अंड्यासारखा आणि महाराज ताकाच्या रवीसारखे!

"हाच ठेवा," मोहिनीबाई म्हणाल्या. "लगीनमा असाच व्हतात तुम्ही. पोट त्याच्यानंतर उनं!"

"आनि पाहुणा काय म्हनतीन? यजमाननी महाराजले जेवाडंच नही?"

आख्यानाच्या तोंडावर तबकडी पुन्हा बाहेर! तापीबाईंनी डोळे पुसले.

तिसऱ्या खेपेला सगळे आले, सगळे सरळ आले, पण वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन आले. काल्याच्या कीर्तनाला काळं? आणि त्या फटीत मगनभाई भुईमुगाच्या दाण्याएवढे! आता त्यांचा चेहरा नंदुरबारच्या लाल मिरचीच्या ढिगासारखा झाला, आणि तबकडी तिसऱ्यांदा बाहेर!

"ललित, चौकट मन्हावर ठेव!"

"दादा, मग महाराज जातीन."

"महाराजना आवाज शे ना! आवाजले कोठे चौकट लागस?"

ललितने हात टेकले. जसं सांगितलं तसं केलं आणि तबकडी आणून दिली. मगनभाईंनी ती आधी लावून बघितली नाही. थेट पुरुषोत्तमनगरचे साडू, विसरवाडीचे व्याही, सगळ्यांना निमंत्रण!

घर भरलं. टीव्ही लागला. आणि काय सांगू, मगनभाई! मधोमध, टीव्हीभर! टोपी सारखी केली, कॅमेऱ्याकडे बघून हसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावरच्या मगनभाईंनी मोबाइल काढला. मग कान कोरला. मग अशी जांभई दिली की तापीतली होडी वल्ह्यांसकट आत जावी! आणि मग टोपी नाकावर आली. यजमान झोपले!

"अरे जागा हो, जागा हो!" चौकटीबाहेरून महाराज गरजले. पडद्यावरचे मगनभाई दचकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा घोरू लागले.

साडू गालिच्यावर लोळले. व्याह्यांच्या चहाने नाकातून वाट काढली!

"बंद कर! कोठे शे रिमोट?" मगनभाई उशा उलथू लागले.

रिमोट तापीबाईंच्या गोधडीखाली होता.

"तीन डाव तबकडी काढी लिनी तू," म्हातारी म्हणाली. "आते हात लाई दख!"

तिने खाटेवरूनच, उशाशी ठेवलेल्या काठीच्या टोकाने टीव्हीवरचं क्रोशाचं कापड पुढे ओढलं. मगनभाई झाकले गेले.

"मन्हा पोऱ्याले झोपू द्या," ती म्हणाली, "आनि महाराजले बोलू द्या."

हसणं हळूहळू विरलं. कापडामागून टाळ वाजले, चाल चढली, आख्यान लागलं, आणि म्हातारीने डोळे मिटून ते शेवटच्या आरतीपर्यंत ऐकलं. मगनभाईंनीही बहुधा ऐकलं असावं. खाटेच्या पायाशी बसले होते, टोपी मात्र नाकावर आली होती!

तेव्हा मंडळी, कीर्तनात कॅमेरा आपल्याकडे वळला आणि आपला हात टोपीकडे निघाला, तर तेवढ्यापुरतं आमच्या तापीबाईंना आठवा. आणि त्यांच्या काठीलाही.