सासू बाहेर बसली

"ज्या घरी छाउचा गोठा, त्या घराला भत्ता नाही," असं वॉर्डाध्यक्ष हर्कबहादूरने भोंग्यावरून सांगितलं, तेव्हा रूपसरा मका सोलत बसली होती. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. म्हातारपणाचा भत्ता म्हणजे सरकारचे उपकार नव्हेत, आपण इतकी वर्षं जगलो त्याची ती मजुरी आहे, असं तिचं मत होतं. आणि ती मजुरी आता सुनेच्या पाळीवर येऊन अडकली होती.

छाउचा, म्हणजे पाळीच्या बाईने निजायचा गोठा अंगणाच्या कडेला, शेळ्यांच्याही खालच्या अंगाला होता. वाकून शिरायचं आणि पाय पोटाशी घेऊन निजायचं, एवढीच जागा. बिष्णा लग्न होऊन आली तेव्हापासून दर महिन्याला तिथे जाऊन पडत होती. मागच्या हिवाळ्यात थंडी सोसेना म्हणून तिने आत जाळ केला, धुराने गुदमरली, आणि शेजारणीने पाय धरून ओढली म्हणून वाचली. नवरा सरहद्दीपलीकडे, पुण्याला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन. तो फोनवर म्हणाला, "माझ्या आमाला दुखवू नको, आणि जाळ करू नको." तेव्हापासून नुसतं त्या दारापाशी उभं राहिलं तरी बिष्णाला धाप लागे. आपण एक दिवस यातच मरणार, हे तिच्या मनाने धरलं होतं.

"ठीक आहे," दोन दिवस अबोला धरून झाल्यावर रूपसरा म्हणाली. "या खेपेला तू घरातच नीज. हुकूम सरकारचा आहे, माझा नाही. मष्टो देवाला कोपायचं असेल तर त्याने वॉर्ड कार्यालयात जाऊन कोपावं."

त्या महिन्यात बिष्णा बाहेरची झाली आणि आत राहिली. चुलीशेजारी अंथरूण घालून तिने पाय लांब केले. पाळीच्या दिवसांत पाय असे लांब करता येतात, हेच तिला नवीन होतं. तेवढ्यात रूपसराने आपली जाड गोधडी काखोटीला मारली.

"आमा, कुठे निघालात?"

"घर विटाळलं. मी सोवळ्यातली बाई. विटाळात राहू कशी?"

"मग जाणार कुठे?"

"दुसरं छप्पर आहे का आपल्याला? तू गोठ्यात जायचं नाही असा कायदा आहे. मी जायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

कायद्यात ते खरंच कुठे लिहिलं नव्हतं. रूपसराने गोठा शेणाने सारवला, गोमूत्र शिंपडलं, नाकातली सोन्याची फुली बुडवलेलं पाणी चारी कोपऱ्यांत टाकलं. मग देवळीतला मष्टो टोपलीत बसवला, त्याच्या घंटा बांधून घेतल्या आणि त्यालाही सोबत नेलं. देवाला विटाळात ठेवून एकटीने सुटायचं, हे तिच्या बुद्धीला पटेना. अशा रीतीने घराचा गोठा झाला आणि गोठ्याचं देऊळ झालं.

"आत जाळ तेवढा करू नका," बिष्णा दारातून म्हणाली.

"मला शिकवतेस? माझं सगळं तारुण्य यात गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गोठे मोडायची फौज आली. पुढे हर्कबहादूर, मागे हवालदार लोकेंद्र, दोघं कुदळवाले, आणि 'आमचा वॉर्ड छाउमुक्त' असा कापडी फलक. पहिली कुदळ पडणार, तोच आतून घंटा वाजली.

"आत कोण आहे?" हवालदाराने विचारलं.

"मी आहे."

"बाहेर या."

"नाही यायची. बाहेर आले तर विटाळ होईल."

हर्कबहादूरचे डोळे लकाकले. कायदा होऊन वर्षं लोटली होती आणि वॉर्डात एकही केस नव्हती. आपल्याच सासूविरुद्ध चौकीवर जाणारी सून अजून जन्माला यायची होती. वरून दर महिन्याला विचारणा व्हायची. गोठे तर मोडताय, मग गुन्हेगार कुठे आहेत? आज आयती केस चालून आली होती, तीही घंटा वाजवत.

हवालदार दारापाशी उकिडवा बसला. "वय किती, बज्यै?" त्याने आजीला विचारावं तसं विचारलं.

"सत्तरीच्या पुढे."

"पाळीचा कितवा दिवस?"

"मेल्या, तू आईच्या अंगावर पीत होतास तेव्हाच गेली ती."

'पीडित महिला संकोचामुळे सांगत नाही,' असं हवालदाराने लिहून घेतलं. त्याचं या विषयात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. "तुम्हाला गोठ्यात कुणी घातलं?"

"कुणी कशाला घालेल? ही घरात निजली, म्हणून मला इथे यावं लागलं."

सगळ्यांनी वळून घराकडे पाहिलं. बिष्णा उंबऱ्यात उभी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप, गालावर उशीचा वळ. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सून उबेत आणि सासू गोठ्यात. बघा रे बाबांनो, दिवस कसे आले."

"हिने तुम्हाला पाठवलं?"

"अरे, मी माझ्या मनाने आले."

"दबावाखालच्या सगळ्या बाया असंच म्हणतात," हवालदार समजुतीने म्हणाला. हेही प्रशिक्षणातलंच. "बाईला गोठ्यात घालणाऱ्याला तीन महिने कैद आहे. चल गं, चौकीवर."

बिष्णाला रडूच फुटलं. "साहेब, पाळी मला आलीय. गोठ्यात मी जात होते इतकी वर्षं. तेव्हा कुणी आलं नाही विचारायला."

"तेव्हाचं तेव्हा. केस आजची आहे," हर्कबहादूर म्हणाला. मग त्याने रूपसराला हाताला धरून बाहेर काढलं, फलक पसरला, कुदळवाल्यांना खूण केली.

चौकीची वाट देवळावरून जाते. हवालदार फाट्यापाशी थबकला आणि मान न वळवता म्हणाला, "तू खालच्या वाटेने ये." खालची वाट ओढ्यातून, चिखलातून जाते. बायका पाळीत त्याच वाटेने जातात. बिष्णाने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चौकीशी पोचल्यावर तो पुन्हा अडखळला. आतल्या खोलीत दशैंला, म्हणजे दसऱ्याला, पूजलेल्या बंदुका होत्या, भिंतीवर भगवती होती.

"इथे नको," तो म्हणाला. "मागे बस. साहेब येईपर्यंत."

मागे लाकडं ठेवायचा गोठा होता. वाकून शिरायचा. बिष्णाचा श्वास दारातच अडकला, पण गुन्हेगार बाईने धाप लागते म्हणून कुणाला सांगायचं? सासूला गोठ्यात घातल्याच्या आरोपावरून तिला पाळीच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात घालण्यात आलं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा तिला लाकडांच्या मागे एक गोधडी दिसली. शेजारी चेपलेली थाळी, आणि थाळीत एक फणी. फणीत लांब केस अडकलेले होते. चौकीच्या पाठीला लागूनच हवालदाराचं बिऱ्हाड होतं. बिष्णाने फणी परत जागेवर ठेवली आणि गुडघ्यांत तोंड घालून बसली.

दुपारी रूपसरा आली, पाठीवर टोपली घेऊन. गोठा मोडला, घर विटाळलेलं, आता देवाला ठेवणार कुठे? मागोमाग हर्कबहादूरही केसची प्रगती बघायला आला.

"माझी सून कुठाय?"

"चौकशी चाललीय, बज्यै," हवालदार म्हणाला.

"कुठे चाललीय?" रूपसरा तशीच मागच्या बाजूला गेली आणि वाकून आत पाहिलं. पाहून उठली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "तिला पाळी आलीय रे."

"माहितीय. म्हणून तर—" हवालदार मध्येच थांबला.

"बोल की. म्हणून तर काय?"

त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"मला तक्रार द्यायचीय," रूपसरा म्हणाली. "पाळीच्या बाईला गोठ्यात घातलं. घालणाऱ्याला तीन महिने, तूच सकाळी म्हणालास. लिही."

दुसरी केस ऐकून हर्कबहादूर क्षणभर हरखला, मग आरोपी कोण ते त्याच्या ध्यानात आलं. "बज्यै, असं कसं? ही सरकारी जागा आहे."

"मग सरकारचा भत्ता बंद करा." रूपसराने गोठ्यात बोट दाखवलं. "आणि ती गोधडी कुणाची आहे?"

हवालदार बुटांकडे बघू लागला. बिऱ्हाडाच्या दारात एक तरुण बाई उभी होती. ती झटकन आत गेली आणि दार लागलं.

सकाळचा कागद चौकीतल्या चुलीत गेला. गैरसमज झाला होता, असं हर्कबहादूर दोन-तीनदा म्हणाला. बिष्णा बाहेर आली, मग पुन्हा वाकून आत गेली आणि आपल्या पायाने विस्कटलेली गोधडी होती तशी घडी करून ठेवून आली.

परतताना दोघी खालच्याच वाटेने आल्या. रूपसरा पुढे, बिष्णा मागे, मध्ये सोवळ्यापुरतं अंतर. ओढा ओलांडल्यावर रूपसरा मागे न बघता म्हणाली, "गोधडी जाड होती का गं?"

"नाही. पातळच. ओल लागलेली."

"तिचं वय काय असेल?"

"माझ्याएवढी असेल."

दोघी घरी पोचल्या. अंगणात गोठ्याच्या जागी मातीचा ढीग होता. रूपसरा टोपली घेऊन तिथे बराच वेळ उभी राहिली. शेवटी थंडी वाढली तशी ती घरात आली, देव देवळीत ठेवला, दोन अंथरुणांच्या मध्ये काठी आडवी टाकली, आणि मष्टोला हात जोडून म्हणाली, "बघितलंस ना तू? मग आता मला बोलू नको."

सकाळी तिने आपली जाड गोधडी बिष्णापुढे टाकली. "चौकीवर देऊन ये. त्याच्या हातात नको, तिलाच दे."

"आणि तुम्ही काय पांघरणार?"

रूपसरा चूल फुंकत होती. "घरात कुठे एवढी थंडी लागते," ती म्हणाली.

बिष्णाने गोधडी पाठीला बांधली. तिचे दिवस अजून संपायचे होते, म्हणून ती खालच्या वाटेनेच गेली.