नाडीचं पथ्य

माप घ्यावं तर आमच्या टेलरमास्तरांनीच! गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी नजरेनेच छाती, कंबर, खांदा मोजलेला असतो. चाळीस वर्षांत एकही माप चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि कोणी ऐकलं नसेल तर पुन्हा सांगतात. म्हणून मुलीने जेव्हा विचारलं, "बाबा, मी नसताना नाडीला एकदा जेवायला घालावं लागेल, जमेल ना?" तेव्हा मास्तर नुसते हसले.

नाडी म्हणजे मुलीने पाळलेला साप. अजगराच्या जातीचा, बिनविषारी, दिवसभर काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडलेला. तीन वर्षांपूर्वी तो घरात आला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "साप कसला, विजारीची नाडी आहे नुसती!" तेच नाव पडलं, आणि बिचारा तेव्हापासून 'ती' झाला. मास्तरीणबाई तर त्या खोलीत पेटीकडे पाठ करूनच केर काढत.

आता मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. आठ दिवस जाऊन खोली शोधायची, परत यायचं, आणि मग सामान आणि नाडी घेऊन कायमचं निघायचं. "चला, घर मोकळं होईल एकदाचं!" असं मास्तर चारचौघांत म्हणत होते खरे, पण दिवसातून दहादा तिच्या खोलीच्या दारात उभे राहून उगाच बिजागरी तपासत होते. निघण्याआधी पोरीने आपल्यावर काहीतरी सोपवलं, याचं त्यांना कोण कौतुक! कारण एरवी बापाच्या मापावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. लहानपणी एक फ्रॉक तिला अंगासरसा मिळाला असेल तर शपथ! मास्तरांचा नियमच तो. जे माप येईल त्यावर, वाढत्या अंगाला म्हणून, दोन इंच जास्त.

जाताना तिने बजावलं, "प्राण्यांच्या दुकानात गोठवलेले उंदीर मिळतात. नाडीच्या पोटाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा घ्या. घालण्याआधी कोमट पाण्यात नीट मऊ करा. आणि मोठा आणू नका हां, बाबा!"

"मला माप शिकवतेस?" मास्तर म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी श्वास रोखून नाडीच्या पोटाखालून टेप सरकवली. साडेचार इंच! वहीत लिहिलं. पण चाळीस वर्षांची सवय लागलेला हात, तो तिथे थांबतोय होय? पुढे आपसूक लिहून गेला, अधिक दोन.

दुकानात त्यांनी एकेका गोठलेल्या उंदराच्या कमरेला टेप लावायला सुरुवात केली. दुकानदार बघतच राहिला. "काका, उंदराला विजार शिवताय की काय?"

"साडेसहाचा द्या."

दुकानदाराने पार तळातून काढून दिला. उंदीर कसला, चांगली घूस होती घूस!

मास्तरांनी तो कोमट पाण्यात मऊ करून पेटीत ठेवला. पाऊण तास नाडी खात होती. पायावर मोजा चढावा तशी ती इंचाइंचाने त्या उंदरावर चढत गेली. "खा बाळा, पोटभर खा!" मास्तर कौतुकाने म्हणत होते. मग ती थांबली. अंगाच्या मधोमध हा एवढा गोळा घेऊन पडून राहिली, हलेचना.

मास्तरीणबाईंनी दारातूनच डोकावून पाहिलं. "अहो, जेवण आहे की उशी गिळलीय हिने?"

मास्तरांनी वही उघडली. साडेचार, अधिक दोन! तडक प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"साप केवढा?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडेचार."

"आणि उंदीर?"

"साडेसहा. वाढत्या अंगाची आहे हो ती!"

डॉक्टरांचा आवाज एकदम करडा झाला. "मास्तर, आता नीट ऐका. तिला हात लावायचा नाही. उचलायचं नाही, पोट चोळायचं नाही. पेटीची एक बाजू सतत उबदार ठेवा, वाटीत पाणी ठेवा. आसपास आदळआपट नको. ती बिथरली किंवा गारठली तर सगळं ओकेल, आणि एवढा मोठा घास ओकताना तिच्या जिवावर बेतू शकतं. पोट जास्त फुगलं, घाण वास आला किंवा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली, तर लगेच घेऊन या."

"औषध काय देऊ?"

"काही नाही."

"थोडंसं?"

"काही न करणं हेच औषध! आठवडाभर. शी झाली की समजा, सुटली."

जो माणूस लोकांच्या अंगातल्या सदऱ्याची शिलाईसुद्धा उसवून नीट करतो, त्याला डॉक्टरांनी स्वस्थ बसायला सांगितलं! त्यातून दुकान आणि नाडीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. मशीन सुरू केलं की पेटीतल्या वाटीतलं पाणी थरथरायचं. मास्तरांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने मशीनवर कापड टाकलं. शाळेचे चाळीस गणवेश शनिवारी द्यायचे होते. ते सुई-दोरा घेऊन हाताने शिवायला बसले. दारावर पाटी लावली, 'आत पेशंट आहे. हळू बोला.'

झालं! दुपारपर्यंत अर्धी गल्ली दारात.

"काय झालं हो पेशंटला?"

"जेवण जड झालंय," मास्तर कुजबुजले.

कोणी म्हणालं सोडा द्या, कोणी म्हणालं एरंडेल द्या. इस्त्रीवाला म्हणाला, "जेवल्यावर जरा शतपावली घालायला सांगा की!"

"तिला पाय नाहीत हो," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

इस्त्रीवाल्याने तोंडावर हातच ठेवला. संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली. मास्तरांची सासू आली आहे, पाय गेलेत, आता अन्नही पचत नाही. मास्तरीणबाईंची आई तिकडे ठणठणीत, आणि इकडे तिच्या नावाने पाच डझन केळी येऊन पडली!

चौथ्या दिवशी भरदुपारी वीज गेली. पेटीखालची विजेची गादी गार पडायला लागली. मास्तरांनी सदऱ्याची बटणंच काढली. "मी पोटाशी धरतो तिला!"

"हात लावायचा नाही म्हणालेत ना?" मास्तरीणबाई ओरडल्या, तेही कुजबुजत. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाणी तापवलं, आणि आपली कंबर शेकायची रबरी पिशवी भरून, टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. खाली बसून ती पेटीच्या तळाशी बाहेरून टेकवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड पेटीकडे होतं.

"घे गं बाई. माझी कंबर दुखली तर दुखली." दोन तास त्या पाणी बदलत तिथेच बसून होत्या. "अहो, डोळे किती टपोरे आहेत हिचे! कधी बोलला नाहीत ते!"

नेमक्या तेव्हाच शाळेच्या हेडबाई आल्या. त्यांचा आवाज एकदा चढला की तीन वर्ग एकदम गप्प होतात. "मास्तर! मशीन बंद? चाळीस मुलांनी काय उघडं यायचं शाळेत?"

"हळू बोला हो बाई, आत पेशंट आहे!"

हेडबाई विरघळल्या. "हो, कळलं मला सासूबाईंचं. भेटूनच जाते." आणि मास्तर सुई टोचून उठेपर्यंत त्या पडदा सारून आत!

समोर सासूबाई नव्हत्याच. काचेपलीकडून नाडी बघत होती. हेडबाईंनी किंकाळीसाठी भला मोठा श्वास घेतला. मास्तरांनी डोळे मिटले. चार दिवसांची मेहनत आता बाहेर येणार!

मास्तरीणबाईंनी मागे न वळता ओठांवर बोट ठेवलं. "श्श! पचतंय."

आणि हेडबाईंनी खरंच तोंड मिटलं. दाराला टेकून त्यांनी आधी नाडीकडे, मग त्या रबरी पिशवीकडे पाहिलं. मग कधी कोणी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या, "गणवेश पुढच्या आठवड्यात दिलेत तरी चालतील." आणि चवड्यांवर चालत निघून गेल्या.

सहाव्या दिवशी गोळा बसला. सातव्या दिवशी सकाळी पेटीच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी सांगितलेला पुरावा पडलेला! मास्तर थेट रस्त्यावर धावले. "शी झाली! अहो, शी झाली हो!" अख्ख्या गल्लीने सासूबाईंसाठी सुटकेचा निःश्वास सोडला.

आठव्या दिवशी मुलगी आली. मास्तरांनी ठरवलं होतं, चकार शब्द काढायचा नाही. तिने बूट काढायच्या आत सगळं सांगून मोकळे झाले.

ती नाडीला निरखत राहिली. "जीव गेला असता तिचा, बाबा."

"हो गं," मास्तर मान खाली घालून म्हणाले.

"बरं, मला खोली मिळालीय. परवा निघते, नाडीला घेऊन."

मास्तरांची मान ताडकन वर झाली. "तिला हलवायचं नाही! पथ्य आहे. डॉक्टर म्हणालेत, महिनाभर. तसे दोन महिनेही म्हणाले असतील."

मुलीने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "कालच सांगितलं की मास्तरांना," डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहे, खुशाल न्या!"

मास्तर ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवायला लागले.

"बाबा?"

"मला करमणार नाही गं."

"नाडीशिवाय?"

"नाडीशिवायही."

मुलगी त्यांच्याजवळ पाटावर येऊन बसली. मास्तरीणबाई आतल्या आत नाक ओढत केळी सोलत होत्या.

"बरं," शेवटी मुलगी म्हणाली. "नाडी इथेच राहू दे. पण तिच्या जेवणाला तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही! उंदीर मी आणणार, मी मोजणार, मीच भरवणार. तीन आठवड्यांनी एकदा जेवते ती. त्या दिवशी मी येत जाईन."

मास्तरांचा चेहरा असा काही फुलला की बघत राहावं.

"एवढा पाणउतारा केला पोरीने, आणि हसताय काय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि अगदी साळसूदपणे मुलीला विचारलं, "काय गं, दर रविवारी थोडं थोडं खाल्लं, तर नाही का चालणार तिला?"