हार्लनची मोकळी तार

साऱ्या मिनेसोटात माझ्याहून चांगलं वायरिंग करणारा माणूस दाखवा, विमान त्याच्या नावावर करतो, असं हार्लन क्लबात कप आपटून म्हणाला. आता आमच्या टॅमरॅक गावच्या विमानतळावर, म्हणजे गवताची एक धावपट्टी, विमानं ठेवायचे चार-सहा हँगर आणि पत्र्याचा क्लब एवढ्यालाच आम्ही विमानतळ म्हणतो, तिथे असली बोलणी कुणी मनावर घेत नाही. पण हार्लनची उभी हयात टेलिफोन खात्यात गेलेली. माणसांची बोलणी एकमेकांपर्यंत पोचवायची हाच माझा धंदा होता, असं तो येता-जाता ऐकवायचा.

विमानही त्याचं स्वतःचंच. दोन माणसांचं, घरच्या गॅरेजात आठ-नऊ वर्षं खपून बांधलेलं. स्वतः बांधलेलं असल्यामुळे आतल्या तारांना हात लावायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. तेच नडलं.

झालं होतं काय, की त्याची बायको ल्युएला त्या विमानात एकदाच बसली होती. इंजिनाच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कानाला हेडफोन आणि मधे इंटरकॉम. तो इंटरकॉम जुनापुराणा. निम्मं बोलणं गिळायचा आणि उरलेलं कढईत तळून द्यायचा. ल्युएला बिचारी वाटभर सांगत होती की मला मळमळतंय, खाली चल. हार्लनला वाटलं, बाई खूश आहे. त्याने तिला आणखी दोन गिरक्या दाखवल्या.

खाली उतरल्यावर तोंड पुसून तिने एवढंच सांगितलं, "स्वयंपाकघरात बोलते तसं बोलले आणि तुला ऐकू आलं, तरच मी यात बसेन. नाहीतर विकून टाक. मला घरात बसवून शनिवार-रविवार एकटा आकाशात हिंडणारा नवरा मला नकोय."

आणि गिऱ्हाईक दारातच उभं होतं. मायलो नावाचा गृहस्थ दर शनिवारी यायचा, विमानाभोवती फेरी मारायचा, पंखावर टकटक करायचा. हार्लन फडकं घेऊन त्याच्या मागोमाग बोटांचे ठसे पुसत फिरायचा. शेवटी नवरा-बायकोत ठरलं: नवा इंटरकॉम बसवायचा, येत्या शनिवारी एक फेरी मारायची. ल्युएलाला पटलं तर ठीक, नाहीतर रविवारी मायलोला किल्ली.

म्हणून हार्लन आठवडाभर विमानाच्या पोटात उताणा. तोंडात बॅटरी, पाय दाराबाहेर. आमचा अध्यक्ष वर्न एकदा डोकावून म्हणाला, झाकण लावायच्या आधी मला एक नजर टाकू दे. हार्लन आतूनच म्हणाला, "वर्न, तू घरची बेल दुरुस्त केल्यापासून ती पाहुणा गेल्यावर वाजते. तू जा बाबा." वर्न गेला.

सगळं जोडून झालं आणि उजव्या बाजूची, ल्युएलाच्या बाजूची, एक तार उरली. आता विमानातली बोलण्याची रीत अशी, की आपसात कितीही गप्पा मारा, बाहेर जात नाहीत. बाहेर बोलायचं तर बटण दाबायचं. दाबलं की विमानात बोललेलं सगळं रेडिओवर जातं, आणि दाबलेलं असेपर्यंत बाहेरचं काही ऐकू येत नाही. उरलेली तार त्या बटणाची होती. ल्युएलाच्या बाजूला बटणच नव्हतं, म्हणून ती नुसती गुंडाळून ठेवायची. पण टेलिफोन खात्यात हार्लन शिकला होता, मोकळी तार लोंबती ठेवायची नाही, जमिनीला जोडून टाकायची. विमानात जमिनीच्या जागी सांगाडा, म्हणून त्याने ती सांगाड्याला घट्ट जोडली आणि शीळ घालत हात धुतले. बटण दाबल्यावर तारेचं नेमकं हेच होतं, म्हणजे थोडक्यात, ल्युएलाचं नसलेलं बटण त्याने कायमचं दाबून ठेवलं.

शनिवार उजाडला. शनिवारी आमच्याकडे पॅनकेकचा नाश्ता असतो, आसपासच्या विमानतळांवरूनही माणसं उडत येतात. आमच्याकडे कंट्रोल टॉवर वगैरे नाही. उतरताना, उडताना ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यासाठी क्लबात कॉफीच्या पिंपावर एक मोठा स्पीकर टांगलेला आहे.

विमान उडालं. हार्लन म्हणाला, "ऐकू येतंय?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं," ल्युएला म्हणाली. "मी शेजारीच बसलेय म्हणा."

हार्लनची छाती फुगली. कानात खरखर नाही, काही नाही. एरवी शनिवारी रेडिओवर बाजार भरलेला असतो, आज चिटपाखरू बोलत नव्हतं. "बघितलंस? याला म्हणतात वायरिंग," तो म्हणाला. "कशी शांतता आहे बघ. सगळे खात बसलेत वाटतं."

"आर्डिसचे पॅनकेक?" ल्युएला हसली. "ते खात नाहीत, चावत बसतात. मी माझा दरवेळी वर्नच्या कुत्र्याला घालते. हल्ली तोही वास घेऊन निघून जातो."

खाली क्लबात पिठाची पळी हातात धरून उभ्या असलेल्या आर्डिसने स्पीकरकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं. वर्नने रेडिओवरून हार्लनला ओरडून सांगितलं, पण वर बटण दाबलेलं, त्याला ऐकू कसं येणार! दोघंजण उड्डाणाला निघाले होते ते तसेच परत येऊन बसले. रेडिओ असा अडलेला असताना उडायचं नसतं, हे खरंच. पण त्यांनी खुर्च्या स्पीकरजवळ ओढल्या हेही खरं.

मग हार्लन मायलोवर घसरला. घेईल तर कळेल त्याला, म्हणाला. पाऊस आला की डाव्या दारातून मांडीवर गळतो, आणि इंजिन तर पेट्रोलपेक्षा तेल जास्त पितं. मायलोने हातातला कप हळूच खाली ठेवला.

खाली तलाव चमकत होता. ल्युएलाने काचेला नाक लावलं. मग तिने विचारलं, एवढी वर्षं त्या गॅरेजात तू नक्की कशासाठी खपत होतास?

हार्लन एरवी असल्या प्रश्नाला खांदे उडवतो. पण वर दोघंच होते, आणि बोललेलं ऐकू जात होतं. तो म्हणाला, "उजवी सीट मी तुझ्या मापाची केली, ल्यू. तुझी खुर्ची स्वयंपाकघरातून चोरून नेऊन मोजली. ती सीट रिकामी घेऊन हिंडताना मला वर काही बघावंसंच वाटत नाही."

क्लबात पॅनकेक करपला, कुणी उलटला नाही. वर्नच्या बायकोने वर्नकडे असं काही पाहिलं की त्याने कॉफीत मीठ घातलं.

विमान उतरलं तेव्हा आम्ही सगळे बाहेर रांगेत उभे होतो. हार्लनला वाटलं, स्वागताला आलेत. वर्नने काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि हार्लनचं तोंड पांढरंफटक पडलं. चारचौघांत बोलायलाही लाजणाऱ्या बायकोचं बोलणं त्याने वेशीवर टांगलं होतं. संपलं, त्याला वाटलं. विमान गेलं.

"सगळ्यांनी ऐकलं?" ल्युएलाने विचारलं.

"पलीकडच्या दोन विमानतळांनीसुद्धा," वर्न म्हणाला. "आणि हार्लन, ती तार आजच्या आज काढ. माझी बायको मला विचारतेय, तू माझ्यासाठी काय मोजलंस."

तेवढ्यात आर्डिस पळी घेऊन पुढे आली. ल्युएला नवऱ्याच्या मागे सरकली. आर्डिसने पळी तिच्या हातात दिली. "एवढ्या वर्षांत एकालाही खरं सांगायचं धाडस झालं नाही," ती म्हणाली. "मला त्या पिठातून कधीची सुटका हवी होती. पुढच्या शनिवारपासून पीठ तू कालव, बाई. भाजायचं मी बघते."

ल्युएलाने पळी घेतली, लाल झालेलं तोंड वर केलं आणि मायलोला सांगितलं, विमान विकायचं नाही. मायलो म्हणाला, अहो, मला तरी कुठे हवंय! आणि हार्लनने एवढा मोठा सुस्कारा टाकला की तो रेडिओशिवाय सगळ्यांना ऐकू गेला.

तार त्याने त्याच दुपारी काढली. वर्नला बॅटरी धरायला लावली, तपासायलाही लावलं.

पुढच्या शनिवारी पीठ कालवून झाल्यावर दोघं पुन्हा वर गेले. रेडिओवर नेहमीचा बाजार भरलेला, हार्लनला तो गोंगाट कधी नव्हे एवढा गोड वाटला. तलाव आला तशी ल्युएला म्हणाली, "मागच्या वेळचं ते पुन्हा म्हण ना."

हार्लनने खाली-वर सगळ्या तारा बघितल्या, घसा साफ केला आणि डोकं खाजवलं. "मी नक्की काय म्हणालो होतो गं?"

"मला काय विचारतोस? क्लबला विचार."

दुसरा इलाज नव्हता. हार्लनने बटण दाबलं, विचारलं आणि बटण सोडलं. मग आर्डिसचा आवाज आला, मागे तव्याची चरचर, आणि तिने उजव्या सीटच्या मापापासून ती रिकामी घेऊन हिंडण्यापर्यंत सगळं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. "आणि आज पॅनकेक बरे झालेत," ती पुढे म्हणाली, "गार व्हायच्या आत या."